मयताची दारू

उन्हाळ्याचा पाचवा आठवडा, रविवार

पोचले एकदाची. डब्लिनहून निघाल्याला सव्वीस दिवस झाले. त्यातले निम्मे मी नावेच्या कडेवर वाकून काढले. पण आज बेट दिसलं आणि सगळा शीण गेला. हिरवंगार, पाठीला काळा कडा, खाली गोट्यांचा किनारा. वर गवतमातीच्या भिंतींचं लांबलचक घर. छपरावर एक बकरी चरत होती. माझा नवरा हालवार्ड म्हणाला, ती बकरी म्हणजे घरातली खरी मालकीण, तिच्याशी जमवून घे, बाकीचे आपोआप वळतील.

घरात माणसं थोडीच. सासूबाई, ग्रीमा त्यांचं नाव. उंच, ताठ, डोळ्यांना अजून सुईत दोरा ओवता येतो. धाकटे दीर ऑर्न आणि त्यांची बायको हेर्दीस. हसायला लागली की बसावंच लागतं तिला. कोल नावाचा म्हातारा गडी, एक पाय आखूड. आणि मुरिन, आयर्लंडची दासी. माझे डब्लिनचे शब्द ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवाय शिकारीच्या दिवसांत नावेवर दोन गडी असतात.

सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या पट्ट्याला बांधला. एक किल्ली मात्र काढून घेतली. मोड आलेल्या जवाच्या पेटीची. म्हणाल्या, ‘दारू कधी गाळायची ते या घरात मी ठरवते, सूनबाई.’

रात्र म्हणून काही नाहीच इथे. सूर्य कड्याच्या टोकापर्यंत उतरतो आणि विचार बदलून परत वर चढतो.

सहावा आठवडा, शनिवार

हात सोलवटले, पण मजा येते. सकाळी हेर्दीसबरोबर खडकांवर जाऊन समुद्रबदकांच्या घरट्यांतली मऊ पिसं गोळा करायची. सगळी घ्यायची नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षी बदक रुसतं. दुपारी माग. मी विणलेलं कापड उजेडात धरून सासूबाई म्हणाल्या, ‘डब्लिनात मासे पकडायला कापड वापरतात वाटतं?’ हेर्दीस जमिनीवरच बसली हसत. मीही हसले. संध्याकाळी त्यांनीच न बोलता माझ्या ताटात चक्क्याचा जास्तीचा गोळा टाकला.

वडिलांच्या घरी कैद करून आणलेला एक पाद्री होता, त्याने मला अक्षरं शिकवली. कातड्याचे हे तुकडे आणि शाई मी माहेराहून आणली. हालवार्डला याची फार गंमत वाटते. रोज विचारतो, ‘काय, आज किती मुंग्या चालवल्यास?’ मग मला त्याचं नाव काढून दाखवावं लागतं. एवढासा दिसतो होय मी, म्हणतो.

मला तो आवडतो. इथे लिहायला काय हरकत आहे, कुणाला वाचता येतंय?

सातवा आठवडा, मंगळवार

नाव गेली. चौघे: हालवार्ड, ऑर्न आणि दोन्ही गडी. उत्तरेला वॉलरसच्या शिकारीला. गवत कापायच्या आत परत येतील. नावेला नवं डांबर लावलं होतं, काळी कुळकुळीत दिसत होती. हालवार्ड म्हणाला, तुझ्यासाठी सुळा आणतो, त्याची फणी करू. त्याच्या दाढीला डांबर लागलं होतं. तेच आता माझ्या गालावर आहे. हेर्दीस चिडवते आहे. धुतलेलं नाही.

सासूबाई निरोप द्यायला खाली आल्या नाहीत. जाणाऱ्याकडे बघत राहिलं की समुद्र ओळख ठेवतो, असं त्या म्हणतात.

आठवा आठवडा, सोमवार

आले! सहाच दिवसांत!

शुक्रवार-शनिवारी भयंकर वादळ झालं. छपराचा एक कोपरा उडाला. आणि आज भरतीबरोबर नाव किनाऱ्याला. मी पिसांची टोपली तिथेच टाकून धावले. चौघेही धडधाकट. हेर्दीस तर ऑर्नच्या गळ्यातच पडली.

फार थकलेत बिचारे. एक शब्द बोलत नाहीत. वॉलरस मिळाला नसावा, नाव रिकामी होती. विस्तवाजवळ ओळीने बसले. सासूबाईंनी स्वतः वाढलं. हालवार्ड त्याच्या उंच आसनावर, ताटाकडे बघत. जेवण तसंच राहिलं. मी त्याच्या पायातले जोडे काढले. पाय दगडासारखे गार. मांडीवर घेऊन चोळले, कितीतरी वेळ. ऊब येईना.

आठवा आठवडा, मंगळवार

काल ओहोटी लागताच चौघे उठले आणि बाहेर गेले. परत शिकारीला, सासूबाई म्हणाल्या. आज भरतीला पुन्हा आले. पुन्हा तेच. बसतात, बघतात, ओहोटीला उठतात.

कपडे वाळत नाहीत. विस्तवापासून हातभर अंतरावर बसूनही अंगातून पाणी निथळतं. त्यांच्या जवळचा विस्तव निळसर होऊन बसतो. मी हालवार्डचे केस विंचरले. फणीत बारीक शिंपले आले. चिकटलेले होते. मुळाशी.

मी हसून विचारलं, आज मुंग्या बघायच्या नाहीत का? त्याने मान वळवली. पापणी हलत नाही त्याची.

आठवा आठवडा, बुधवार

आज ते घरात बसलेले असताना मी खाली जाऊन नाव बघून आले. मुरिनलाही नेलं, उद्या मला वेड लागलं असं वाटू नये म्हणून.

आठ दिवसांपूर्वी डांबर लावलेली नाव. तळाला बोटभर लांब शेवाळ, त्यावर शिंपल्यांचे थर. उजव्या बाजूच्या खालच्या दोन फळ्याच नाहीत. आरपार गोटे दिसतात. मी त्यातून हात घालून पाहिला. असली नाव तरंगूच शकत नाही.

मुरिनने छातीवर क्रूसाची खूण केली. मी गळ्यातला थोर देवाचा हातोडा मुठीत धरला. दोघी धावत वर आलो. आणि कुठे जाणार? घरात तर तेच बसलेले.

नववा आठवडा, गुरुवार

आज गुरुवार, नवा आठवडा लागला. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘नाव फुटली असेल. दुरुस्त करतील.’ हेर्दीसला सांगितलं. तिने माझ्या हाताला झटका दिला. म्हणाली, माझा नवरा घरी आला ते तुम्हाला बघवत नाही का, जाऊबाई?

कोलने मात्र एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि होडीचं वल्हं शोधायला लागला. बेटावर ती एकच छोटी होडी उरली आहे. पलीकडच्या बेटावर स्वेर्टिंगचं घर आहे, त्याचा धूर इथून दिसतो. मदत घेऊन येतो म्हणाला. आखूड पाय ओढत गेला. पाणी अगदी शांत होतं. अर्ध्या वाटेपर्यंत मी त्याला बघत होते. मग माझी नजर क्षणभर हलली.

शुक्रवार

आज पाच जण आले. पाचवा कोल.

कोपऱ्यात त्याच्या नेहमीच्या जागी बसला. मुरिनने सवयीने त्याच्यापुढे वाडगा ठेवला आणि मग किंचाळली.

ओहोटीनंतर स्वेर्टिंग आला. कोलचा निरोप मिळून नव्हे, आपणहून. किनाऱ्याला लागलाच नाही. वल्ही पाण्यात धरून लांबूनच ओरडला. ‘तुमची नाव गेल्या शनिवारी टोकाच्या खडकावर फुटली! ऑर्नचं प्रेत आमच्याकडे लागलं! आम्ही पुरलं त्याला, मी स्वतः माती टाकली!’

हेर्दीस माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, खोटारडा.

मी ओरडून सांगितलं, ते रोज भरतीला घरी येऊन बसतात, आम्हाला घेऊन जा. तो म्हणाला, ‘ज्यांच्या घरी ते येऊन बसलेत त्यांना नावेत घेतलं तर ते माझ्या घरी येतील. मला पोरंबाळं आहेत, पोरी! मयताची दारू प्या! घरच्या वडीलधाऱ्या माणसाने मयताचं नाव घेऊन मेला असं म्हणायचं, प्यायचं आणि त्याच्या आसनावर बसायचं! तोवर ते घर त्यांचंच!’

आणि वळला. मी पाण्यात कमरेपर्यंत गेले. त्याने मागे पाहिलं नाही.

शनिवार

घरात वडीलधारं माणूस एकच उरलंय. त्यांची आई.

पायांवर डोकं ठेवलं. पेटीची किल्ली द्या, दारू गाळते, तुम्ही फक्त दोन नावं घ्या. त्या चातीवर सूत कातत राहिल्या. म्हणाल्या, ‘तू या घरात दोन आठवडे संसार केलास. मी त्याला एकतीस वर्षांपूर्वी याच जमिनीवर जन्म दिला. मी मेला म्हटलं की तो मरतो. नाही म्हटलं तोवर माझ्यासमोर बसतो. काय म्हणू सांग?’

मी म्हटलं, तो सगळ्यांना नेईल.

‘नेऊ दे,’ म्हणाल्या. मग चाती थांबली. ‘मला का नाही बोलावत? आईकडे एकदा बघत सुद्धा नाही.’

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी केसांवरून हात फिरवला. पण किल्ली दिली नाही.

रविवार

हेर्दीस गेली.

ओहोटीला ऑर्न उंबऱ्यात थांबला आणि हात पुढे केला. तिने केस नीट केले. मी तिला दोन्ही हातांनी धरलं. मुरिननेही. ती चिडली नाही. म्हणाली, ‘त्याचे हात गार पडलेत हो, कोणी धरत नाही म्हणून.’ आणि आमच्या हातांतून निसटली, कशी कळलं नाही. पाण्यात शिरताना हसत होती. नेहमीसारखी. बसून नाही, चालत.

सोमवार

कुऱ्हाडीने पेटी फोडली. मुरिन आणि मी. सासूबाई बघत होत्या, आडव्या आल्या नाहीत. मोड आलेले जव भरडले, पाणी तापवलं, मोठ्या टाकीत घातलं. मुरिन म्हणते, चार दिवस. शुक्रवार. त्याआधी नुसतं पाणी.

आज सहा जण आले. हेर्दीस ऑर्नशेजारी. तिच्या केसांतून पाणी —

हसत नाही आता.

मंगळवार

टाकीवर पांघरुणं घातली आहेत, फेस यायला ऊब लागते. आळीपाळीने अंगाने टेकून बसतो, अंड्यांवर बसल्यासारख्या. हालवार्ड आसनावरून माझ्याकडे बघतो. कधी कधी वाटतं, ओळखतो. मग वाटतं, ओळखतो हेच वाईट आहे.

फेस धरायला लागला.

बुधवार

मुरिन नाही.

कोलने हात पुढे केला होता तिच्यापुढे. चौदा वर्षं दोघं एकाच गोठ्यात राबली. ती आपल्या भाषेत प्रार्थना म्हणत होती. प्रार्थना मध्येच थांबली. म्हणाली, ‘म्हातारा एकटा आहे.’

मी टाकी सोडून उठले नाही. उठले असते तर — दारू बिघडली असती. असं मी स्वतःला सांगते आहे.

दहावा आठवडा, गुरुवार

आता मी आणि सासूबाई.

आज हालवार्डने हात पुढे केला. मला. मी स्वतःला मागाच्या खांबाला बांधून घेतलं होतं, विणकामाच्या सुताने. पाय तरीही चालत होते. सूत मांसात गेलं. ओहोटी सरेपर्यंत तो उभा होता. दाढीला अजून डांबर आहे. मला जायचं होतं. खरं लिहिते, जायचं होतं मला.

सासूबाई सगळं बघत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, ‘तुलाच.’ एवढंच.

मग सूत सोडायला आल्या. मनगटांना लोणी लावलं. म्हणाल्या, उद्या घेते नाव. दारू होऊ दे.

शुक्रवार

झाली. चाखली. कडू आहे, पण दारू आहे.

भरती चढते आहे. आसनाखालच्या पायरीवर आम्ही दोघी, मधे दारूने भरलेलं शिंग. हात कामात राहावेत म्हणून लिहिते आहे. सासूबाईंनी चांगला झगा घातलाय, दोन्ही पिना लावल्यात. मी म्हटलं, सुंदर दिसता. म्हणाल्या, लग्नातला आहे.

आले. एक एक. मुरिन शेवटी. हालवार्ड माझ्या अंगावरून गेला, आसनावर बसला. पाणी माझ्या मानेवर ठिबकतंय —

सासूबाई उठल्या. शिंग दोन्ही हातांत. म्हणा, मी म्हणतेय, म्हणा ना, दोनच नावं —

म्हणाल्या. स्पष्ट. सगळ्यांनी माना वर केल्या.

‘ओड्नी. डब्लिनहून आलेली. माझ्या थोरल्याची बायको. मेली.’

प्यायल्या. सगळं. थेंब न सांडता.

नाही. मी इथे आहे. लिहिते आहे, बघा, अक्षरं येताहेत, मेलेलं माणूस लिहीत नाही — मी ओरडले, त्या माझ्याकडे बघत नाहीत. मी नसल्यासारख्या. त्याच्याकडेच बघताहेत. बाळा, आता राहशील ना घरी, म्हणताहेत —

तो उठला. हात —

धरला मी. कधी धरला —

गार नाही त्याचा हात. आज गार लागत नाही. म्हणजे माझाच —