सोन्याला लावलेली हळद

आबा, आज प्रयोगशाळेच्या नळाला पाणी आलं नाही आणि मला तुम्ही आठवलात. दुष्काळात मेंढरं विकून आपण बजाजनगरला आलो, तुम्ही कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालात आणि मी शिकत शिकत विद्यापीठात पोचले. माझं काम काचेवर सोन्याचा थर देण्याचं. थर असा पातळ, की केस उभा चिरून हजार पापुद्रे केले तर त्यातला एक. मागून लेझरचा उजेड सोडला की एका ठरावीक कोनात तो परतच येत नाही, सोनं त्याला गिळतं आणि पडद्यावर तिथं काळी रेघ दिसते. सोन्यावर काहीही चिकटलं की ती रेघ सरकते. हे काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते ठरवायला एकदा समिती येणार होती. त्या दिवशीही नळ असाच कोरडा होता, आणि माझ्याकडे चांगली काच एकच होती.

नव्या मशीनला हळदकुंकू लावल्याशिवाय बटन दाबायचं नाही, हा वाळूजच्या कारखान्यांतला शिरस्ता, आणि आमचं लेझरचं मशीन नवंच होतं. म्हणून तुम्ही पाळी संपवून गणवेशातच नारळ घेऊन आलात. मी टँकरखाली कॅन धरायला खाली गेले. वर येते तर तुम्ही हात जोडून उभे, आणि काचेवर ठसठशीत ओलं हळदीचं बोट!

"आबा, मशीन सोडून काचेला?"

"मशीन तं लोखंडाचं हाय. सोनं इथं हाय म्हनलीस ना? लक्ष्मी हाय ती. नारळ कुठं फोडू, माय?"

माझ्या डोक्यावर, असं म्हणणार होते. काच धुवायची तर कॅनमधलं पाणी गढूळ. ते शुद्ध करेपर्यंत समिती जेवून परत गेली असती. मी रडकुंडीला येऊन कापसानं डाग टिपला, तरी पिवळट छटा राहिलीच. समिती आली. आमच्या सरांनी देवाचं नाव घेऊन लेझर लावला. कोऱ्या सोन्यावर रेघ जागेवर, अन् डागावर सरकून भलतीकडेच! समितीतले ज्येष्ठ गृहस्थ खुर्ची ओढून पुढं वाकले.

"वा! लेप कशाचा दिलाय?"

"स्थानिक वनस्पतीचा," सर घाम पुसत म्हणाले.

"हळद हाय साहेब. घरची," तुम्ही दारातून.

"आपण कोण?"

"वॉचमन हाय, साहेब."

"माझे वडील आहेत!" मी इतक्या जोरात म्हणाले की सरांचा चहा बशीत सांडला. ते गृहस्थ पोट धरून हसले, मग उठून तुम्हाला नमस्कार केला. काम चालू राहिलं.

घरी जाताना क्रांती चौकात रिक्षा अडकली, तेव्हा तुम्ही विचारलंत, "माय, उजेड सोन्यात गेला. फुडं जातो कुठं?" बजाजनगर येईपर्यंत मी बोलत होते आणि तुम्ही "कळलं, कळलं" म्हणत मान डोलवत होतात. तुम्हाला काही कळलं नव्हतं, ते मला तेव्हाच दिसत होतं. मलाही कळलं नव्हतं, हे मात्र आज पहिल्यांदा सांगतेय. नीट उमजलं ते कितीतरी वर्षांनी, तोवर तुम्ही गेला होतात. हे पत्र काही टपालात पडायचं नाही. म्हणून मघाशी दार लावून मी तुम्हाला ते सगळं मोठ्यानं समजावून सांगितलं, अगदी सोपं करून, आणि "कळलं" म्हणायला कुणी नव्हतं.