गुरुवारचे पॅड

सर, गोलकीपर म्हातारा कधी होतो हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाकी सगळं कळत होतं. सेंटर-हाफ मैदानात शिरतानाच त्याच्या चालीवरून तुम्ही सांगायचे की आज याचा घोटा दुखतोय. मग माझ्या बाबतीतच काय डोळे मिटून बसले होते? मी अडतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, खाली पडलो की उठायला गोलचा खांब धरावा लागायचा, आणि तरी टीमच्या कागदावर पहिलं नाव माझंच. आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडलोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की चिडायलासुद्धा भिलाईतल्या वैशाली नगरच्या या व्हरांड्यात एकट्यानंच बसावं लागतं. लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत असेन, सून दोनदा दारातून डोकावून गेली. "बाबा, कोणाशी बोलून राहिले?" म्हटलं, कविता म्हणून राहिलो. ते तिला पटतं. म्हाताऱ्याला कवितेचं वेड आहे हे घरात सगळ्यांनी मान्य केलंय.

ऐका, काय झालं ते. सेक्टरच्या आपल्या मैदानावर मी मुलींची हॉकी टीम चालवतो. मुली म्हणायच्या, पण गोलमध्ये जी उभी राहते ती एकोणचाळीसची आहे. शाळेत पीटी शिकवते, घर आपल्याकडलंच, वर्ध्याकडून आलेलं. सगळ्या तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिच्यामागे दुसरी गोलकीपर आहे, एकवीस वर्षांची, अहिवाऱ्याहून पहिल्या बसनं येते. तीन वर्षं झाली तिला येऊन. या तीन वर्षांत खऱ्या सामन्यात ती किती खेळली? अकरा मिनिटं. तीही ताईच्या डोळ्यातली लेन्स पडली म्हणून. येत्या रविवारी आमचा सामना आहे आणि राज्याच्या टीमसाठी निवड करणारे लोक तो बघायला येणार आहेत. पोरीच्या घरून सांगून ठेवलंय की यंदा काही झालं नाही तर बसचा पास बंद, हॉकी बंद. म्हणजे रविवारी ती गोलमध्ये उभी राहिली तर राहिली, नाहीतर तिची हॉकी तिथंच संपली.

किट आमच्याकडे एकच. तुमच्या वेळेलाही एकच होतं. म्हणून तुमचाच नियम मी चालवतो, गुरुवारी पॅड दुसऱ्या गोलकीपरला. आज गुरुवार. ताई आली, स्कूटी लावली, बॅग खाली टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, डाव्या पॅडचं बकल तुटलं. सिविक सेंटरले टाकलं दुरुस्तीले. उद्या भेटते म्हणे."

"मागच्या गुरुवारी काय झालं होतं?"

"तवा उजव्याचं होतं."

"अन् त्याच्या मागच्या?"

"मले काय पाठ आहे का, काका?" ती हसली. "तुमच्या कविता आहेत काय त्या?"

सगळ्या हसल्या. अहिवाऱ्याचीही हसली, मग म्हणाली, "कोनो बात नइ हे दादाजी, मैं बॉल उठा देथौं," आणि साध्या बुटांत गोलच्या मागे जाऊन उभी राहिली. तासभर बॉल उचलून देत होती. मुरमाचं मैदान तुम्हाला माहीत आहे, बॉल कुठल्या कुठं उडतो. मी काठीवर हात ठेवून बघत होतो आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. माझा, सर! अंपायरशी भांडून दोनदा मैदानाबाहेर गेलेल्या माणसाचा.

घरी आलो तेव्हा राग तुमच्यावर वळला. कारण ही सगळी शिकवण तुमची. गोलकीपर वयानं पिकतो, असं तुम्ही म्हणायचे. खरं आहे, अर्धं खरं आहे. फॉरवर्ड तिशीत थकतो, आणि गोलकीपरला तेव्हा कुठं खेळ दिसायला लागतो. रविवारच्या मराठी वर्गात तुम्ही आम्हाला यती शिकवायचे. ओळीत जिथं थांबायचं ती जागा. त्याआधी श्वास घेतला की टेबलावर पट्टी आपटायचे. "अबे, तिथं नाई! ओळ कुठं थांबते ते पाह्य, तू कुठं थकला ते नको पाहू." आणि संध्याकाळी मैदानावर तेच. बॉल मारणाऱ्याची स्टिक मागे जाते आणि खाली येते त्यामध्ये एक यती असते, तिथं थांब, आधी हलू नको. विशीत मला थांबता येत नव्हतं, प्रत्येक फसव्या हालचालीला मी आधीच जमिनीवर आडवा व्हायचो. तिशीत ती जागा सापडली. सहा-सात वर्षं असा खेळलो की घरी जाताना सायकलवर आपोआप कविता सुटायच्या.

पण पुढचं अर्धं तुम्ही सांगितलंच नाही. पस्तिशीनंतर पहिला शॉट गोलकीपर अडवतोच. अनुभवानं अडवतो, नुसता योग्य जागी उभा राहून अडवतो, लोक टाळ्या वाजवतात. वय कळतं ते दुसऱ्या शॉटला. बॉल पॅडला लागून दोन हातांवर पडलेला असतो, आणि तुम्ही जमिनीवर. उठायचं असतं. तेवढ्यात यती लांबते, सर, इतकी लांबते की ओळच मोडते. ताईचं दोन वर्षांपासून तेच चाललंय. गोलही तसेच खाते, परतून आलेल्या बॉलवर. मग बॅकच्या पोरींवर ओरडते. मीही ओरडायचो. म्हातारा होत चाललेला गोलकीपर ओळखायची ती आणखी एक खूण, आवाज वाढतो.

आणि दुसरा तयार कधी करायचा? पहिला पडायला लागल्यावर? तेव्हा तर उशीर झालेला असतो. फॉरवर्ड पाच असतात, एखादा नवा पोरगा कडेला ढकलून द्या, चार सामन्यांत शिकतो. गोलकीपर एकच. दुसऱ्याला जागा फक्त पहिल्याला बाजूला करूनच मिळते. म्हणून पहिला जेव्हा भरात असतो, जेव्हा कोणाला गरज वाटत नसते, नेमकं तेव्हा दुसऱ्याच्या पायात पॅड बांधायचे असतात. चार-पाच वर्षं. सोप्या सामन्यात पूर्ण, अवघड सामन्यात अर्धा वेळ. हे कळायला काय लागतं? आणि हे मी तावातावानं लिहितोय खरं, पण तीन वर्षांत मी अहिवाऱ्याच्या पोरीला अकरा मिनिटं दिली, तीही लेन्सच्या कृपेनं.

तुम्हाला आपला तो कोक ओव्हनवाला आठवतो, स्टील प्लांटमध्ये कोळशाच्या भट्ट्यांवर असायचा तो? माझा दुसरा गोलकीपर. बावीसचा असताना आला, शिफ्टवरून थेट मैदानावर, कानामागे काजळी तशीच. हात असे लांब की उभ्या उभ्या खांबाला टेकायचे. मी तेव्हा बत्तीसचा, भरात. तुम्ही पहिल्याच आठवड्यात माझ्या मशीन शॉपमध्ये आले होते, जनरल शिफ्ट सुटायच्या आधी, हातात टोपी घेऊन. लेथच्या आवाजात ओरडून म्हणाले, "गुरुवारी पॅड त्याले देजो. बाकी दिवस तुये." मी म्हटलं, देतो न सर. आणि मग दर दोन-तीन गुरुवारी पट्टा तुटायचा. वेताचे पॅड होते ते, मागून चामड्याचे तीन तीन पट्टे, एक गेला तरी पॅड पायावर फिरतो, घालून उभं राहता येत नाही. पट्टा मी शिवायला टाकलेला असायचा आणि शुक्रवारी परत आलेला असायचा. तो बिचारा गोलच्या मागे बॉल उचलत उभा. सहा वर्षं. अठ्ठावीसचा झाला तेव्हा प्लांटच्या खदानीकडे बदली घेऊन गेला. जाताना माझ्याकडे आला, हात मिळवला, म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडून लय शिकलो. मागून सगळं दिसते." मागून! त्याला एक पूर्ण सामना समोरून दिसला नाही.

आणि तुम्ही काय केलं? एवढे पट्टे तुटतात म्हणून स्वतः पट्टे करून आणले! माझ्या हातात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं पुडकं ठेवलं. उघडलं तर जाड, काळपट तपकिरी चामड्याचे दोन पट्टे, पितळी बकलांचे, बाजूनं तुमच्या हातची वेडीवाकडी शिलाई. मी विचारलं, कुठून आणले? तुम्ही विषय बदलला. दोन महिन्यांनी दुर्ग स्टेशनवर कळलं. काकूंना घेऊन तुम्ही नागपूरला निघाले होते आणि तुमचा होल्डॉल सुतळीनं बांधलेला होता. तोच होल्डॉल, ज्यात अंथरूण बांधून तुम्ही नोकरीसाठी पहिल्यांदा भिलाईला उतरले होते. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होल्डॉलचे पट्टे तुमच्या पायात गेले भाऊ. आता माझ्या पेटीचं कुलूप शिल्लक आहे. तेही लागत असल तर सांगा, संकोच नका करू." तुम्ही डब्यात चढून खिडकीतून म्हणाले, "आता नाई तुटत ते. गुरुवार लक्षात ठेव." गाडी हलली. काय गरज होती, सर? कोणी सांगितलं होतं होल्डॉल कापायला? त्या सुतळीचा मला अजून राग येतो.

पट्टे कधी तुटले नाहीत. पण मग मला गुरुवारी ताप यायला लागला, आणि पॅड माझ्याबरोबर घरीच राहायचे.

पुढं ती फायनल. तुम्हाला सांगायला नको. शेवटची चार मिनिटं, बरोबरी, पहिला शॉट मी उजव्या पॅडनं अडवला, काय अडवला होता! लोक उठून उभे राहिले. बॉल समोर दोन हातांवर पडला आणि मी उलटं पडलेलं कासव. त्यांचा पोरगा धावतही आला नाही, चालत आला. हळूच ढकललं. बॉल माझ्या नाकासमोरून घरंगळत रेषेच्या आत गेला, इतका सावकाश की मी त्यावरची शिवण मोजू शकलो असतो. कोक ओव्हनवाला असता तर दोन वेळा उठून बसला असता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी बोलावलं. मी शिव्या खायच्या तयारीनं आलो. तुमच्या क्वार्टरचं ते स्वयंपाकघर अजून दिसतं मला. काकू चुलीशी, पाटोडीचा रस्सा उकळतोय, तुम्ही पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलताय. मी समोर बसतो. तुम्ही मान वर करत नाही. दाणे भांड्यात टाकत म्हणता, "गोल तुया नाई. गोल माया आहे. दुसरा मीच उभा केला नाई. तू खेळत राह्यला, मले बरं वाटत राह्यलं." मग आणखी एक शेंग फोडून, "पोराची सहा वर्षं खाल्ली मीनं."

काकू म्हणाल्या, "खेळाचं बाहेर ठेवा न बाप्पा. त्याले जेवू द्या."

आणि मी जेवलो, सर. तीन भाकरी जेवलो. रस्सा पुन्हा मागून घेतला. तुम्ही काहीच खाल्लं नाही. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेले, आणि त्या दिवसानंतर टीमच्या कागदाला तुम्ही हात लावला नव्हता. लोकांना तुम्ही स्वतःच सांगत फिरले की फायनल तुमच्यामुळं गेली. मी बाजूला उभा राहून ते ऐकलं आहे.

म्हणूनच आज सकाळी ताईसमोर माझं तोंड उघडलं नाही. तिला काय म्हणणार होतो? बकल दाखव? मला ते बघायची गरजच नाही. ती कुठं ठेवते तेसुद्धा सांगू शकेन, स्कूटीच्या डिक्कीत, पाण्याच्या बाटलीखाली. वाईट बाई नाही ती. पोरींना आपल्या घरी जेवू घालते, अहिवाऱ्याचीला पावसात स्वतः बसस्टँडवर सोडते. मीही वाईट नव्हतो. पॅड काढले की आपण कोण उरतो, एवढंच कळत नसतं. आणि ते तिला फक्त मीच सांगू शकतो, पण ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल. आजवर ते मी कोणाला सांगितलं नाही. तुमच्यावर चिडणं सोपं होतं. कित्येक वर्षं पुरलं.

आता चार वाजलेत. पाच वाजता ताई शाळेच्या पोरांना घेऊन मैदानावर असते. लोखंडी पेटीतून तुमचे पट्टे काढले आहेत, कागदासकट. चामडं वाळलंय, तेल लावून बघितलं तर वाकतं. बकलं अजून पक्की. आजकालच्या फोमच्या पॅडवर हे विचित्र दिसतील, पोरी हसतील, हसू देत. ताईसमोर अहिवाऱ्याचीच्या हातात देईन, म्हणेन रविवारी पूर्ण सामना तुझा. मग ताई माझ्याकडे बघेल. तेव्हा बाकीचं बोलावं लागेल, आणि कवितेआड लपता येणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. पट्ट्यांचा तो पिवळा कागद रिकामा झालाय, त्यातच गुंडाळून ठेवतो. सर, पट्टा कधीच तुटला नव्हता. एकदाही नाही. दर वेळी तो माझ्या डब्याच्या पिशवीत असायचा, आणि शुक्रवारी मी त्याला भाजीचं तेल लागलेलं पुसून परत लावायचो.