मोठ्या बटणांचा शर्ट

प्रिय आई, सविनय जयभीम.

इंटर्नशिप संपली. सोमवारपासून मी मुलुंडच्या सेंटरवर ऑक्युपेशनल थेरपिस्ट. शेजारच्या काकूंना सांग, यशू मालिश करत नाही. आजारातून उठलेल्यांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवते.

काल कौसल्याबाई अर्धांगवायूनंतर पहिल्यांदा स्वतः साडी नेसल्या. निऱ्या सारख्या सुटत होत्या. मी पुढे होणार, तेवढ्यात मला शिकवणाऱ्या मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "हात पाठीमागे." उभी राहिले, पण जीव नुसता तुटत होता. शेवटी निऱ्या खोचल्या गेल्या. सून पदर नीट करायला आली, तर बाई म्हणाल्या, "हात लावू नको, माझी मी नेसलेय."

मॅडम मला म्हणाल्या, "जा आता, झालीस तू थेरपिस्ट."

मी वेळेवर जेवते. खोली चांगली आहे, सोबत राहणारी सपना दुसरीकडे राहायला गेल्यापासून जरा मोठी वाटते एवढंच.

बाबांचा हात बरा आहे म्हणतेस. मग फोटोत त्यांच्या शर्टाची बटणं कुणी लावली होती? तूच ना? सोबत मोठ्या बटणांचा शर्ट पाठवलाय. तो त्यांचा त्यांना घालू दे. चिडतील, तुला बघवणार नाही. तरी हात पाठीमागे धरून उभी राहा.

धावत घरी यावंसं वाटतं, पण मीही इथे तशीच उभी आहे.

तुझी,
यशोधरा