तारेवरचं ओलं पोतं

३ डिसेंबर
लग्नाला दोन वर्षं झाली होती. वि., माझे यजमान, लष्कराच्या लिलावातून ही शक्तिमान, अडकलेल्या गाड्या ओढायचा जुना ट्रक, घेऊन आले. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या बंपरवर बसून एकाच बशीतून चहा प्यायलो. बंपर इतका उंच की माझे पाय लोंबकळत होते. वि. म्हणाले, "हिनं तोफा ओढल्यात. आता एसट्या ओढील." मी बशीत फुंकर घालत होते. त्या संध्याकाळी बाकी काही झालं नाही.
आज फाट्यावर तिच्यापाशी उभी राहून हेच आठवत होते, तेवढ्यात माझा धाकटा दीर दत्ता चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आला आणि त्याने तिचे दोन्ही हेडलाइट फोडले. काच माझ्या केसांत.
जागा दत्ताच्या नावावर, गाडी वि.च्या मागे माझ्या. जागेवर त्याला हॉटेल टाकायचं आहे. "वहिनी, भंगारवाल्याशी बोललोय. संक्रांतीच्या आत ही म्हातारी कापून न्यायला लावतो."
मी लग्न होऊन आले तेव्हा हाच दत्ता सहावीत होता. पुढे याच गाडीवरून पडून गुडघा फोडून घेतला होता. मी धुतला होता तो गुडघा. फुंकर घालत.

५ डिसेंबर
कापसाच्या गाठींचा ट्रक पुलाचा कठडा तोडून नाल्यात. केबिन चेपून परातीसारखी. ड्रायव्हर आत, जिवंत. आधी ओरडत होता, मग नुसता कण्हत.
दत्ताची भागीदारीतली नवी पिवळी हायड्रा क्रेन आली. उतारावर मागची चाकं घसरायला लागली तशी थांबली. शेवटी शेषरावने म्हातारीच नाल्यात उतरवली. हेडलाइटच्या जागी दोन भोकं. वि. गेल्यापासून ही गाडी तोच चालवतो. पितो, शिव्या देतो, पण गाडीवर असताना थेंब नाही.
मी पोतं पाण्यात बुडवून ताणलेल्या तारेवर टाकलं. नवा हवालदार विचारत होता, "बाई, हे काय पूजेचं हाय का?" सांगितलं त्याला. तार तुटली तर चाबकासारखी मागे येते, माणूस उभा कापते. ओल्या पोत्याचं ओझं तिला जमिनीवर पाडतं. वि.चा नियम होता: पोतं पडल्याशिवाय ओढायचं नाही. आणि पोतं टाकणं पहिल्यापासून माझं काम. मी मागे सरले की वि. हात वर करायचे. आता शेषराव करतो.
केबिन उघडली. ड्रायव्हर निघाला. कमरेखाली बघवत नव्हतं. माझा हात धरून म्हणाला, "मावशी, पाय हायेत का?"
"आहेत," म्हणाले.
तारेचे पुष्कळ पेड तुटलेत. शेषराव म्हणतो, "बाई, ही तार संपली. आता हिच्यावर लुगडी वाळत घाला."

८ डिसेंबर
दत्ता गाडी ओढून न्यायला येणार म्हणून शेषरावने बॅटरी काढून घरी नेली, गाडी गिअरात टाकली, चाकांना दगड लावले.
दुपारी दत्ताने त्याला पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर गाठलं. सगळ्यांदेखत.
"बॅटरी कुठंय?"
"तुझ्या सासूला आंदण दिली."
लोक हसले. मग दत्ताने टॉमी उचलली आणि कुणी हसलं नाही. तोंडावर, मग खाली पडल्यावर हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडे आला. धावत गेले, मध्ये पडले. दत्ताने मला ढकललं, मडगार्डवर आपटले. मनगटावर लिंबाएवढी सूज आलीय. हे अक्षर त्यामुळे असं.
शेषरावचा एक दात मातीतून उचलला, पदराला बांधला. कशासाठी, कोण जाणे.

९ डिसेंबर
जाऊ आली. सुनीता, दत्ताची बायको. डबा घेऊन. डोक्यावरचा पदर डाव्या डोळ्यापर्यंत ओढलेला. मी बाजूला केला. डोळा मिटलेला, जांभळा.
"मीच म्हणले व्हते त्यान्ला, वहिनीच्या गाडीच्या नादी लागू नका. जेवा ताई, गरम हाय तोवर."
जेवलो दोघी.

११ डिसेंबर
गॅसकटरवाले आले. दत्ता म्हणाला, "नुसता दरवाजा काप. वहिनीला कळू दे."
ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा. त्याच्या वरच्या कडेवर वि. कोपर टेकवून बसायचे. तिथला रंग झिजून थर उघडे पडले होते. वर आमचा पिवळा, खाली लष्कराचा हिरवा, त्याखाली उघडं लोखंड, कोपराने चकचकीत झालेलं. ज्वाळा तिथूनच लावली. रंग आधी फुगला, मग जळाला. अंगाला ज्वाळा लावली तर असाच वास येत असेल.
दरवाजा पडला. मी ओरडले नाही. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस आम्हाला शिकवायच्या की राग आला तर मनात शंभर मोजावेत. मोजले. राग तिथेच होता.
दत्ता जाताना म्हणाला, "उद्या हायड्रा लावतो. दोन्ही म्हाताऱ्या एकदमच काढतो फाट्यावरून."

१२ डिसेंबर
नीट लिहायचं आहे.
हायड्रा आली. चालवणारा रमेश, चुडाव्याचा पोरगेला माणूस, नवीन लग्न झालेला. दत्ताने म्हातारीचीच तार काढून तिच्या हुकाला आणि हायड्राला लावली. शेषराव हात गळ्यात बांधून उभा होता. ओरडला, "दत्ता, ती तार कुजलीय! साखळी लाव!"
"तू गप. एक हात ऱ्हायलाय तुझा."
हायड्राने ओढलं. म्हातारी जागची हलली नाही. गिअरात, दगडांवर, चिखलात रुतलेली. तार ताणली. कर्र असा आवाज तिच्यातून यायला लागला.
मी सवयीने हौदाकडे गेले होते. पोतं बुडवलं. पिळलं नाही, नुसतं निथळू दिलं, म्हणजे जड राहील. घेऊन आले. तारेपाशी उभी राहिले.
रमेशने मला बघितलं आणि रेसवरून पाय उचलला. त्याला नियम माहीत होता. फाट्यावर सगळ्यांना माहीत आहे. म्हणाला, "मालक, मावशीला पोतं टाकू द्या."
दत्ता तारेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा होता. हसला. "आन म्हणावं हळद-कुंकू बी. ओढ रे!"
शेषराव: "बाई, पोतं!"
एक पाऊल होतं. फक्त एक. दत्ता माझ्याकडे पाठ करून उभा, आणि त्याच्यापलीकडे गाडी, दरवाजा नसलेली.
मी ते पाऊल टाकलं नाही.
"ओढ!"
तार तुटली. आवाज बंदुकीसारखा. दत्ता बसला, असं मला वाटलं. मग दिसलं की पाय त्याच्यासोबत बसला नव्हता, आडवा पडला होता, चपलेसकट.
पोत्यातलं पाणी माझ्या पावलांवर ठिबकत होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहायचं राहिलं. मग मी धावले. ते पोतं नाही, पदर बांधला त्याच्या मांडीला, शेषरावच्या दाताच्या गाठीसकट. दत्ता माझ्या मांडीवर. "वहिनी, वहिनी," एवढंच. परभणीपर्यंत.

१५ डिसेंबर
गुडघ्याच्या वर कापला. म्हणजे तो गुडघाही गेला.
शुद्धीवर आहे. मला बघून रडला. म्हणतो, "तुमीच वाचवलं, वहिनी." सगळे नातेवाईक हेच म्हणतात. पदर बांधला नसता तर रस्त्यातच गेला असता, डॉक्टरांनी सांगितलं.
सुनीता म्हणाली, "ताई, घरी जाऊन झोपा." तिचा डोळा उघडलाय.

१६ डिसेंबर
रमेशला सेलूच्या ठाण्यात बसवून ठेवलंय. दत्ताच्या मेव्हण्यांनी तक्रार दिली की त्याने मुद्दाम झटका दिला. त्याआधी त्यांनी त्याला हायड्राच्या चाकाला बांधून मारलं, त्या तुटलेल्याच तारेने. फाट्यावरच. कुणी सोडवलं नाही.
रमेशची बायको माझ्या दारात बसून होती. "मावशी, तुमी तर तिथंच व्हता. सांगा की तेन्ला. माझा माणूस तुमची वाट बघत व्हता म्हून सांगा."
माझी वाट बघत होता. अगदी बरोबर.

१७ डिसेंबर
शेषरावला सांगितलं, मी ठाण्यात जाते.
"काय सांगताव?"
"पोतं हातात होतं, टाकलं नाही, हे."
त्याने एका हाताने बिडी पेटवली. मग, "पोतं न टाकल्याचा गुन्हा कोणत्या कलमात बसतोय, बाई? फौजदार हसंल तुमाला."
"हसू दे. पण रमेशने थांबवली होती, पोत्याची वाट बघत होता, हे तरी लिहून घेईल."
"दत्ताला कळलं तर?"
"कळेलच."
"मेव्हणे गाडी पेटवतील. तुमाला बी."
मग एकदम हसला, दात नसलेल्या बाजूने. "लय वर्सं वाट बघितली बाई मी, कवा तरी कुनी दत्ताला..." माझ्याकडे बघवेना त्याला. मलाही त्याच्याकडे.

१८ डिसेंबर, सकाळ
कॉन्व्हेंटमधल्या ख्रिश्चन मुली शनिवारी पापाची कबुली द्यायच्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून बाहेर आल्या की हलक्या दिसायच्या. आम्हा हिंदू मुलींना आत जायला नव्हतं. मला हेवा वाटायचा. सांगायला तेव्हा काही नव्हतं.
दहाच्या एसटीने सेलूला जाते. परत येईन तेव्हा कोण कसं वागेल ठाऊक नाही. येईन की नाही, तेही. म्हणून लिहून ठेवते. सुनीता, तू ही वही उघडशीलच.
शक्तिमान शेषरावची. दरवाज्याशिवाय चालते, तो म्हणतो थंडीत गार लागेल तेवढंच. नवी तार आधी, मग काम. दत्ताच्या जागेवर ठेवू नये; गिरणीमागे जागा आहे.
कापलेला दरवाजा भंगारात देऊ नये. तो माझ्या खोलीत, भिंतीला टेकवून. झिजलेली कड अर्धी शिल्लक आहे.
रमेशच्या बायकोला माझ्या पाटल्या.
सुनीता, तुला कपाट, शिलाई मशीन आणि सिकंदराबादची पेटी. माझ्या खोलीला आतून कडी आहे. दत्ताचा हात अजून चालतो, हे विसरू नकोस. घरी आला की त्याला भाताची पेज दे, लहानपणी तीच आवडायची त्याला. मी करून दिली असती. माझ्या हातची आता घेणार नाही.
शेषरावचा दात त्याला परत मिळालेला नाही. पदर दवाखान्यात कापून फेकला. माफी माग माझ्या वतीने.
पोतं कुणाला नाही. ते वाळलंय. मी बरोबर नेते आहे.