डाव्या मुठीवरचा आरसा

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, शिक्षण सातवी आणि पुढचे वाचनालयातून, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. या घरात आवाज चढवणारी मी एकटीच.

परवा, गुरुवारी, माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "दहातले नऊ जण चालत घरी जातात, मावशी." मी कापड मोजणारी बाई, मला उरलेला दहावा दिसतो. म्हणून हे लिखाण.

१. राहते घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला, भिंगरीला. (हे घरातले नाव. कागदावरचे तिला कधी आवडले नाही.) मोरीचा नळ अर्धाच फिरवावा, पूर्ण फिरवला की हातात येतो.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझ्या जावेला. पंधरा वर्षे ती म्हणत राहिली, "ताई, मला जरा शिकवा ना," आणि पंधरा वर्षे मी म्हटले, "हातातलं काम संपू दे." संपले नाही. कात्रीने कागद कापू नये.

३. धाकट्या दिरांना लोखंडी शिडी व ड्रिल. दोन्ही वस्तू नऊ वर्षे त्यांच्याकडेच आहेत. या कलमामुळे त्या आता त्यांच्या होतील, आणि मला भेटल्यावर त्यांना रस्ता बदलावा लागणार नाही.

त्यांच्यावर माझा आणखी एक राग आहे, तोही निकालात काढते. हे गेले तेव्हा दीर दवाखान्याच्या दारातच मला म्हणाले, "वहिनी, या वयात एवढ्या लांब सायकलवर पाठवायचं असतं का? वर तुम्हीच हौसेनं सामान घेऊन दिलंत." चार वर्षे मी त्यांच्याशी धड बोलले नाही. भावजी, तुम्ही बोललात ते खरे होते. किती खरे, ते तुम्हालाही माहीत नाही. पाचवे कलम वाचा.

४. पुस्तकांची दोन कपाटे वाचनालयाला. हातांच्या आजारांचे जाड पुस्तक त्यांचेच आहे, ते मी परत केलेले नाही. त्यात मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, त्याबद्दल माफी.

५. माझ्या पतींची लांब पल्ल्याची सायकल, हिरवी, सामानाच्या पिशव्यांसह: ती माझ्या मागे करवतीने कापून भंगारात घालावी. कोणीही ती चालवू नये.

याचे कारण लिहिणे भाग आहे.

हे पाण्याचे मीटर वाचायचे काम करत. तीस वर्षे गल्लोगल्ली सायकल मारली आणि निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आता बिनकामाची सायकल चालवायचीय." समुद्रकाठच्या दीपगृहापर्यंत, नऊ दिवस. पण तासाभरात यांच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. चहाचा कपही धरता येत नसे. मी ते जाड पुस्तक आणले. तळहाताच्या पायथ्याशी, करंगळीच्या बाजूने एक नस जाते आणि हँडलची गोल मूठ नेमकी तिथेच दाबते. मग मी शिंपिणीची युक्ती केली. मुठींवर खडू चोळला, यांना वीस मिनिटे सायकल चालवायला लावली आणि तळहातावर खडू कुठे उमटला ते पाहिले. सगळा भार त्याच जागी.

चार जोड्या आणल्या. स्पंजच्या मुठी पहिल्या दिवशी उशीसारख्या, चौथ्या दिवशी चिंध्या. कडक रबराच्या गोल मुठींनी मुंग्या तशाच. चामड्याच्या दिसायला राजेशाही, घामाने निसरड्या. शेवटी मागच्या बाजूला पानासारख्या रुंद झालेल्या, तळहात अख्खा टेकेल अशा, आणि स्क्रूने आवळायच्या म्हणजे चालवताना फिरत नाहीत. मनगट सरळ राहील असा त्यांचा उतार मीच ठरवला. हे पन्नास किलोमीटर जाऊन आले आणि दारातून ओरडले, "अगं, दहाही बोटं माझीच आहेत!" त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे. मुठी बरोबर होत्या. एवढे तरी कोणी माझ्याकडून काढून घेऊ नये.

मग आरसा. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सायकल स्टँडवर लावून सीटवर बसले. उजवा हात लांब करून ठरवले, आरसा या मुठीच्या टोकाला, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्या दिसतील. उतरले आणि सायकलवाल्या भाऊंना चिठ्ठी लिहिली: "आरसा डावीकडे."

चाळीस वर्षे मी गिऱ्हाइकासमोर उभी राहून मापे घेते. त्याचा उजवा खांदा माझ्या डाव्या हाताला असतो, म्हणून मी पाहते एक आणि लिहिते उलट. त्या संध्याकाळी समोर गिऱ्हाईक नव्हते, मी स्वतः सीटवर बसले होते. हाताने मात्र सवयीने उलटे लिहिले. भाऊ नंतर म्हणाले, "वहिनी, तुमच्या चिठ्ठीत कधी चूक नसते. मला वाटलं काही कारण असेल."

रात्रीच्या जेवणाआधी हे एक फेरी मारून आले. मी विचारले, "आरसा बरा आहे ना?"

"फर्स्ट क्लास. मागची सगळी झाडं दिसतात."

मी हसले. तिसऱ्या दिवशी मागून टेम्पोने ठोकर दिली.

सायकल परत आली तेव्हा आरशाला ओरखडासुद्धा नव्हता. जिन्याखाली लावताना मी हँडल धरले आणि आरशात पाहिले. भिंत दिसली. रस्ता दुसऱ्या बाजूला होता.

आरसा बदलणे पाच मिनिटांचे काम. यांच्याकडे पाना होता, तीन दिवस होते. का बदलला नाही? मी एकदा यांना शर्ट शिवला, एक बाही बोटभर लांब झाली. दोन वर्षे तो शर्ट बाही दुमडून घातला, पण उसवायला दिला नाही. मी केलेले काही यांनी कधी उसवले नाही. लोक याला प्रेम म्हणतील. मी चार वर्षे रोज त्यावर चिडते.

हे मी घरात कोणालाही सांगितलेले नाही.

आता भिंगरी निघायच्या तयारीत आहे. तीच सायकल, तोच रस्ता, बाबांची राहिलेली वाट पुरी करायला. मी घरी आले तर मला सावरून, नाही आले तर मला पोचवून, पण या महिन्यात निघणार. गेल्या रविवारी मी म्हटले, "आरसा तरी उजवीकडे घे."

"बाबांनी लावलाय तो, आई. मी स्क्रूलाही हात लावणार नाही."

"अगं, पण मागचं दिसत नाही त्यात."

"त्यांना दिसत होतं ना? मग मलाही दिसेल. तू ना, ऑपरेशनच्या भीतीने काहीही बोलतेस."

पुढे तोंड उघडले असते तर तिला कळले असते की तो आरसा बाबांचा नाही, माझा आहे. तिला आता माझ्याशिवाय कोणी नाही. परवा मला आत नेतील तेव्हा तिने माझ्याकडे पाहू नये, हे मला सोसणार नाही.

६. वरील पाचवे कलम मी रद्द करते. सायकल कापली तर ती दुसरी घेईल, आणि आरसा बाबांसारखाच डावीकडे लावील. सायकल भिंगरीला. अट एकच: आरसा उजवीकडे. भिंगरी, तुझ्या बाबांचा हा गुण तू घेऊ नकोस. माझे चुकलेले उसव.

७. इथपर्यंत लिहून पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले की मी पुन्हा उलटे लिहिले आहे. मृत्युपत्र उघडतात माणूस गेल्यावर. मी जगले तर हा कागद कपाटात पडून राहील आणि ती निघेल. मी गेले तर दीर सवडीने पाकीट फोडतील, तोवर ती तिसऱ्या दिवसाच्या रस्त्यावर असेल. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सह्या होताच, आजच, ते भिंगरीच्या हातात द्यावे. मी समोर बसेन.

वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको. म्हणून सायकलवाल्या भाऊंना मी काही देत नाही. ती चिठ्ठी त्यांनी अजून जपून ठेवली असेल तर मात्र जाळावी. चूक त्यांची नव्हती.

साक्षीदार: १. सायकलवाले भाऊ (सही) २. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)

लिहून देणार: (सही. माझीच आहे.)

स्थळ: राहते घर, शिवणाची खोली. मंगळवार, ११ मार्च २०२५, दुपारी चार.

पुरवणी, त्याच दिवशी, सायंकाळी सात. भिंगरीने कागद दोनदा वाचला आणि जिना उतरून गेली. दोन तास वर आली नाही. मी खिडकीशी गेले नाही. मग दारात उभी राहिली, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाना कुठे ठेवलायस?" मशीनच्या खणात होता, मी दिला. ती म्हणाली, "तू पण खाली चल. सीटवर बसून सांग, कुठे हवाय ते."

हा मजकूर सह्यांनंतरचा असल्याने दोन्ही साक्षीदारांनी पुन्हा सह्या केल्या. भाऊंची सही थोडी पुसट आहे, हाताला ग्रीस होते.