यंदा मी काय सोडलं

प्रिय शलोमी,

अक्षर वाकडं दिसेल, चालवून घे. भिंग धरून लिहितेय. बाबा म्हणाले, तू सांग, मी लिहितो. पण हे मलाच लिहायचं होतं.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला तेव्हापासून चहा सोडलाय, हे तुला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात घरोघरच्या प्रार्थनेची पाळी आपल्याकडे आली. कुठली गीतं म्हणायची, पाळकसाहेबांनी किती वेळ बोलायचं, सगळं मीच ठरवलं होतं. ते प्रभूच्या बागेतल्या प्रार्थनेवर, 'माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' यावर बोलले आणि चपला घालताना मला म्हणाले, "सिस्टर, चहा काय, कुणीही सोडेल. यंदा जरा लगाम सोडून बघा." मला असा राग आला! सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई मी. भल्याभल्या सर्जनांना दटावलंय. राग उतरल्यावर मात्र लक्षात आलं, की मी प्रार्थनेतसुद्धा प्रभूला सूचनाच देत होते: डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याचेच मोठे डॉक्टर हवेत, आणि सकाळची पहिली केस माझी.

माझा उजवा डोळा लहानपणी उसाचं पातं लागून गेला. उरलेल्या एकावर नोकरी झाली, संसार झाला, आणि आता त्यातच मोतीबिंदू. लेक सांगलीत डोळ्यांची डॉक्टर असताना आई पुण्याला निघाली, तरी तू चकार शब्द काढला नाहीस. उलट माझे रिपोर्ट नीट फायलीत लावून दिलेस. ते मला फार लागलं.

त्यानंतर शेजारच्या राहीबाईंना डोळे दाखवायला घेऊन साताऱ्याहून तुझ्या दवाखान्यात आले होते. तुला कळवलं नव्हतं. पदर डोक्यावरून घेऊन तुझ्या खोलीच्या उघड्या दाराजवळच्या बाकावर बसले, तुझी परीक्षा घ्यायलाच. विट्याकडचे एक धनगर आजोबा तुझ्यासमोर थरथरत होते. "नजर जाईल का वो, बाई?" तू "काही होत नाही" म्हणून त्यांना वाटेला लावलं नाहीस. खुर्ची पुढे ओढलीस, काय काय करणार ते समजावलंस आणि म्हणालीस, "माझं काम मी नीट करीन आजोबा. पुढचं देवाच्या हातात." इतक्या सर्जनांच्या शेजारी मी उभी राहिले, पण पेशंटला हे एवढं सरळ सांगणारा विरळाच. अभिमानाने ऊर भरून आला गं. राहीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आवं सिस्टर, लय हलका हात हाय पोरीचा. तुमी कशाला पुण्याला पळताय?"

घरी येऊन पुण्याची तारीख रद्द केली. "माझं ऑपरेशन तूच कर," असं तुला फोनवर सांगितलं. तू हो म्हणालीस, पण तुझा आवाज कापला. तो मला ऐकू आला.

म्हणून हे पत्र. बाबा ते तुला आज संध्याकाळी देतील. उद्या टेबलावर मी गप्प पडून राहीन. एकही सूचना देणार नाही, वचन देते. एकुलता डोळा आहे, काय होऊ शकतं ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. तसं झालंच, तर स्वतःला दोष देत बसायचं नाही. डोळा मी तुझ्या हाती आपखुशीने दिलाय आणि तुझे हात प्रभूच्या हाती. नजर आली तर आनंदच. नाही आली, तरी माझ्या लेकीला काम करताना मी पोटभर बघून घेतलंय.

तुझीच,
आई