अण्णांच्या खांद्यावरची गाठ

नाशिक रोड, ६ मे १९९९

ताईचा रिपोर्ट आला. छातीतली गाठ कॅन्सरचीच आहे. दुखत नव्हती, म्हणून दिवाळीपासून तिने अंगावर काढली. मी म्हणायचे, दाखवून घे. ती म्हणायची, "अण्णांच्या खांद्यावर आहेच की लिंबाएवढी. दुखते का कधी?"

ती नुसती चरबीची. लहानपणी आम्ही दोघी ती दाबून हसायचो. वडिलांच्या अंगावर बघितली म्हणून धरूनच चाललो, की न दुखणारी गाठ साधीच असते. कोणी सांगितलं होतं असं?

उन्हाळाभर अण्णा घरात उघडेच बसतात. आज संध्याकाळी सदरा घालून बसले, गळ्यापर्यंत बटणं लावून. ताईनेच विचारलं, "अण्णा, थंडी वाजतेय का?"

"हो," म्हणाले.

सदरा घामाने पाठीला चिकटला होता.